फाव्र-लुबाचं घराणं आणि कपाटातलं सी किंग

घरातल्या जुन्या घड्याळांविषयी वाचकांनी पाठवलेल्या प्रश्नांमध्ये एका स्विस घड्याळ कंपनीचं नाव पुन्हा पुन्हा येतं: फाव्र-लुबा. कुणाकडे आजोबांचं सी किंग, म्हणजे याच कंपनीचं एक मॉडेल, आहे, कुणाला ऑनलाइन बाजारात झगझगीत डायलचं एक दिसलंय, कुणाला या घराण्याचा इतिहास हवाय. म्हणून या अंकातलं सदर त्या एकाच नावाला दिलं आहे. एकसारखे प्रश्न एकत्र केले आहेत.

कोल्हापूर: आमच्याकडे सगळे 'फेवर लुबा' म्हणतात. खरा उच्चार काय? आणि ही दोन नावं कुणाची?

फ्रेंचमध्ये पहिलं नाव 'फाव्र' असं येतं, शेवटचा र जेमतेम ऐकू येतो. दुसऱ्या नावातला स्वर मराठीत नाही. 'लु' आणि 'ले' यांच्या मधला काहीतरी. आपल्या बाजारात 'फेवर लुबा' रुळलं आहे आणि कुठल्याही घड्याळजीला ते कळतं, तेव्हा तेच म्हणायला हरकत नाही.

फाव्र हे घड्याळ करणारं घराणं, स्वित्झर्लंडच्या न्यूशातेल भागातल्या ल लोक्ल गावचं. लुबा हे व्यापारी. आंरी-ओग्युस्त फाव्र आणि ओग्युस्त लुबा यांची भागीदारी 1815 मध्ये झाली: एकाकडे घड्याळं, दुसऱ्याकडे विकण्याची जाण. पुढच्या पिढीत फ्रिट्झ फाव्रनं अदेल-फॅनी लुबाशी लग्न केलं आणि भागीदार व्याही झाले.

फ्रेंच बोलणाऱ्या स्वित्झर्लंडमध्ये नवऱ्याच्या आडनावाला बायकोचं माहेरचं आडनाव जोडायची पद्धत आहे. जिरार-पेरेगो हे घड्याळांतलं मोठं नाव असंच झालं, कोंस्तां जिरारनं मारी पेरेगोशी 1854 मध्ये लग्न केल्यावर. त्यामुळे फाव्र-लुबाही लग्नातूनच जुळलं असं सरसकट लिहिलं जातं. इथे क्रम उलटा आहे. आधी धंद्याची सोयरीक, मग घरची.

पुणे: 'सन 1737 पासून' असं जाहिरातीत असतं. मग ही जगातली सगळ्यात जुनी घड्याळ कंपनी का?

नाही. आणि 1737 चा अर्थही नीट समजून घ्यायला हवा. त्या वर्षीच्या ल लोक्लमधल्या एका अधिकृत कागदात अब्राहम फाव्र याचा उल्लेख घड्याळकार म्हणून येतो. म्हणजे त्या साली हा माणूस हे काम करत होता एवढं पक्कं. त्या दिवशी कंपनी सुरू झाली, दारावर पाटी लागली, असं काही नाही. मुलांना घेऊन 'अब्राहम फाव्र आणि मुलगे' या नावानं पेढी उभी राहिली ती 1792 मध्ये.

याच मापानं ब्लांपेंचा दावा 1735 चा आहे, म्हणून फाव्र-लुबा दुसऱ्या क्रमांकावर धरतात. पण ब्लांपें मध्ये बंद पडून 1980 च्या दशकात पुन्हा सुरू झालं. अखंड चालत आलेलं घर विचाराल तर जिनिव्हाचं वाशेरों कोंस्तांतें, 1755 पासूनचं, आपला हक्क सांगतं. सगळ्यात जुनं कोण या वादात आम्हाला फारसा रस नाही. जो तो आपल्या सोयीची व्याख्या करतो.

त्यापेक्षा ल लोक्लमध्ये हे काम चालायचं कसं, ते पाहण्यासारखं आहे. गाव ज्यूरा डोंगरात, समुद्रसपाटीपासून 900 मीटरच्या वर. हिवाळ्यात शेती बंद. शेतकरी घरातच खिडकीपाशी टेबल मांडून घड्याळाचे सुटे भाग करायचे: एका घरी फक्त दातेरी चाकं, दुसऱ्या घरी काटे, तिसरीकडे केस, म्हणजे घड्याळाचं बाहेरचं कवच. हे भाग गोळा करून, जुळवून, आपल्या नावानं विकणारा तो पेढीवाला. या पद्धतीला 'एताब्लिसाज' म्हणतात. सुरुवातीचे फाव्र याच व्यवस्थेतले. संपूर्ण मशीन स्वतःच्या कारखान्यात करायला त्यांना विसावं शतक उजाडलं, आणि तुमच्या कपाटातल्या घड्याळाची खरी गोष्ट तिथून सुरू होते. ल लोक्ल आणि शेजारचं ला शो-द-फों ही दोन्ही गावं 2009 पासून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहेत. घरांना मोठ्या खिडक्यांच्या रांगा का आहेत हे आता वेगळं सांगायला नको.

ठाणे: स्विस कंपनी असूनही भारतात एवढी घरोघरी कशी पोचली? आणि वेस्ट एंड हीसुद्धा त्यांचीच का?

फाव्र मंडळी विक्रीसाठी फार फिरली. आंरी-ओग्युस्त जर्मनी, रशिया, न्यूयॉर्क, क्यूबा, ब्राझील, चिली करून आला. भारतातला प्रवेश 1865 चा, फ्रिट्झ फाव्रच्या काळातला. इथे येणाऱ्या स्विस घड्याळ पेढ्यांमध्ये हे घर पहिल्यांपैकी. मुंबई हा त्यांचा मुख्य तळ राहिला. नुसता माल उतरवून मोकळं व्हायचं असं त्यांनी केलं नाही. विक्री आणि दुरुस्ती दोन्ही इथेच ठेवली. दुरुस्ती करणारा गावात असला की माणूस घड्याळ घ्यायला धजतो, हा हिशोब त्यात होता. दुसऱ्या स्विस घरांचा मालही ते इथे विकत. म्हणून जेजर-लकूल्त्रची काही घड्याळं अशी सापडतात की डायलवर फाव्र-लुबाचंही नाव आहे. ती बनावट समजून टाकून देऊ नका. उलट जाणकाराला दाखवा.

वेस्ट एंडचा या घराण्याशी संबंध नाही. ते स्विस ज्यूरातल्याच सें-तिमिए गावच्या आल्सिद द्रो यांच्या पेढीचं काम, 1880 च्या दशकात मुंबईच्या बाजारासाठी घेतलेलं नाव, लंडनच्या वेस्ट एंडवरून. त्यांच्या प्रसिद्ध 'सोवार' घड्याळाचं नाव मात्र आपलंच: घोडदळातला स्वार. पडल्यावर बॅलन्सचा, म्हणजे मागेपुढे झुलून वेळ मोजणाऱ्या चाकाचा, दांडा मोडू नये म्हणून जी इन्काब्लॉक नावाची स्प्रिंग बसवतात, ती 1934 मध्ये सगळ्यात आधी घेतली वेस्ट एंडनं. सायकलवरून, घोड्यावरून, रेल्वेच्या इंजिनातून फिरणारं गिऱ्हाईक डोळ्यांसमोर असल्यावर ते साहजिकच होतं.

नाशिक: घड्याळजींनी सी किंग उघडून 'यात दोन स्प्रिंगा आहेत' असं सांगितलं. खरं असतं का हे? फायदा काय?

खरं आहे, आणि या घराण्याचं मोठेपण कशात असेल तर यात. 1955 मध्ये त्यांनी स्वतःचं मशीन काढलं, क्रमांक 101. त्यात नेहमीसारखी एकच बॅरल, म्हणजे मुख्य स्प्रिंग गुंडाळून ठेवलेली डबी. काही वर्षांत आलं 251, त्यात दोन बॅरल आणि जाडी फक्त 2.95 मिलिमीटर. मध्यावर सेकंदकाटा असलेलं मशीन इतकं पातळ करणं सोपं नव्हतं.

दोन कशासाठी? चावी दिल्यावर साठणारी शक्ती स्प्रिंगच्या पट्टीच्या जाडी-रुंदी-लांबीवर ठरते. एकाच डबीत ती सगळी बसवायची तर डबी उंच होते आणि तिच्यामुळे घड्याळ जाड. तीच शक्ती दोन बुटक्या डब्यांत वाटली की उंची वाचते. दुसरा फायदा जोराचा. पूर्ण चावी दिलेली स्प्रिंग सुरुवातीला जोरात ढकलते आणि उतरत आली की दमते. जोर बदलला की बॅलन्सचा झोका बदलतो आणि घड्याळ पुढे-मागे होतं. दोन बॅरलमध्ये ही उतरण सपाट करता येते. पुढे हीच कल्पना त्यांनी आपोआप चावी बसणाऱ्या ड्युओमॅटिकमध्ये नेली.

सी किंग हे मॉडेलचं नाव आहे, मशीनचं नाही. सी किंग नावाखाली एक बॅरलवालीही घड्याळं आहेत, दोनवालीही. झाकण उघडून मशीनवरचा क्रमांक वाचल्याशिवाय कळत नाही: 251, 253 असे आकडे दिसले तर दोन बॅरल.

सोलापूर: रोज किती चावी द्यायची? जास्त दिली तर घड्याळ 'टाइट' होऊन बंद पडतं म्हणतात.

रोज एकदा, ठरलेल्या वेळी, सकाळी उत्तम. घड्याळ हातातून काढा, कारण मनगटावर असताना चावी तिरकी ओढली जाते आणि तिचा दांडा झिजतो. हलक्या हातानं फिरवत जा. अडली की थांबा. साधारण वीस ते तीस फेऱ्या होतात, पण मोजण्यापेक्षा बोटाला जाणवणाऱ्या अडथळ्यावर विसंबा.

'टाइट' होण्याची समजूत चुकीची आहे. स्प्रिंग पूर्ण भरली की पुढे जातच नाही. पूर्ण चावी असूनही चालत नसलेलं घड्याळ आत वाळलेल्या तेलामुळे अडलेलं असतं. चावी पूर्ण दिसते म्हणून दोष चावीला मिळतो, एवढंच. खरंच जोर लावून पिरगाळलं तर काहीतरी मोडेल, पण तो जोर तुमच्या लक्षात आल्याशिवाय राहणार नाही.

तारीख असलेल्या घड्याळाची तारीख हातानं बदलायची असेल तर रात्री नऊ ते पहाटे तीन या वेळात बदलू नका. तेव्हा आतलं बोट तारखेच्या चकतीत गुंतलेलं असतं. ओढाताणीत तेच तुटतं.

सातारा: सर्व्हिसिंग करून आणलं. महिनाभर बरं चाललं, आता रोज पाच-सहा मिनिटं मागे. घड्याळजी म्हणतात मशीन जुनं झालं.

मशीन जुनं झालं म्हणून महिन्याभरात पाच मिनिटं मागे पडत नाही. बहुधा 'धुऊन दिलं' आहे: मशीन न खोलता, आख्खंच पेट्रोलमध्ये बुचकळून, वाळवून, वरून तेल सोडलेलं. पेट्रोल जुनं तेल पातळ करतं, त्यामुळे काही दिवस घड्याळ पळतं. मग तो चिकट थर पुन्हा सांध्यांत बसतो. वर तेल सगळीकडे पसरलेलं असतं.

खरी सर्व्हिस अशी होते. आधी चावीची शक्ती उतरवतात: क्लिक नावाची खिट्टी मागे धरून, चावीला बोटानं आवरत, हळूहळू. हे न करता पॅलेट फोर्क, म्हणजे चाकांना ठरावीक अंतरानं अडवून सोडणारा दुतोंडी तुकडा, काढला तर मोकळी झालेली चाकं भिंगरीसारखी फिरतात आणि केसाएवढ्या टोकांचा तुकडा पडू शकतो. मग सगळं सुटं करून साफ करायचं. इथे एक बारकावा आहे. पॅलेट फोर्कवरचे दोन माणिक लाखेनं चिकटवलेले असतात, हो, आपल्याकडच्या झाडांवर मिळते तीच लाख. स्पिरिटमध्ये लाख विरघळते. फोर्क स्पिरिटमध्ये बुडवून ठेवला तर माणिक सरकतो आणि मग कितीही तेल घाला, घड्याळ सरळ चालत नाही.

दोन बॅरलच्या मशीनमध्ये हमखास होणारी चूक अशी की एकच बॅरल उघडतात. किंवा एक स्प्रिंग तुटलेली म्हणून तेवढीच बदलतात आणि दुसरी साठ वर्षांपूर्वीची तशीच. दोन्ही उघडून, स्प्रिंगा बाहेर काढून, पुसून, ग्रीस लावूनच बसवायला हव्यात. बदलायच्या तर जोडीनं.

तेल एका जातीचं चालत नाही. घड्याळकामासाठी स्विस मोबियस तेलं वापरतात: भरभर फिरणाऱ्या चाकांच्या टोकांना पातळ 9010, हळू आणि जोरात फिरणाऱ्यांना दाट डी-5 किंवा एचपी-1300, पॅलेटच्या माणकांना 9415, हातानं चावी द्यायच्या मुख्य स्प्रिंगला 8200. चाकाचं टोक जिच्यात फिरतं त्या माणकाच्या वाटीत तेल अर्धं ते दोन-तृतीयांश भरेल एवढंच. काठोकाठ भरलं की ते ओढलं जाऊन बाहेर पसरतं आणि टोक कोरडं पडतं, म्हणजे जास्त तेलाचा परिणाम तेल नसल्यासारखाच. पॅलेट फोर्कच्या टोकांना तेल नाही. हेअरस्प्रिंगला, म्हणजे बॅलन्सच्या बारीक वेटोळ्या स्प्रिंगला, तर मुळीच नाही: तेलकट वेटोळी एकमेकांना चिकटतात, स्प्रिंग आखूड झाल्यासारखी वागते आणि घड्याळ दिवसाला कित्येक मिनिटं पुढे पळतं. शिलाई मशीनचं तेल हातात दिसलं तर घड्याळ परत घेऊन चालू लागा.

काम झाल्यावर टायमिंग मशीनवर, म्हणजे ठोके ऐकून घड्याळाची चाल मोजणाऱ्या यंत्रावर, लावून दाखवायला सांगा. 251 तासाला 18,000 ठोके देतं, म्हणजे दिवसाला 4,32,000. पूर्ण चावी, डायल वर: बॅलन्सचा झोका 250 ते 300 अंशांत हवा. उभं धरल्यावर वीस-चाळीस अंश कमी होणं ठीक. नव्या सर्व्हिसनंतर डायल वर ठेवूनही 220 च्या खाली असेल तर काहीतरी राहिलं आहे. चोवीस तासांनी, पुन्हा चावी न देता, हेच माप परत घ्या. तिथे खरी परीक्षा होते. इतक्या जुन्या घड्याळात दिवसाला वीस-तीस सेकंदांचा फरक चांगला समजावा. तीस सेकंद म्हणजे दिवसाच्या 0.035 टक्के.

उरलेला थोडा फरक घरी सावरता येतो. आठवडाभर रात्री डायल वर करून ठेवा, पुढचा आठवडा चावी वर करून उभं, आणि रोजचा फरक लिहा. बहुतेक घड्याळं एका स्थितीत जरा पुढे, दुसऱ्या स्थितीत जरा मागे जातात. दिवसभराची चूक रात्रीच्या स्थितीनं फेडता येते. घड्याळ एकाएकी रोज चार-पाच मिनिटं पुढे पळू लागलं असेल तर चुंबक लागलंय. मोबाइलच्या स्पीकरशेजारी ठेवू नका. चुंबक काढायचं काम अर्ध्या मिनिटाचं आहे.

डोंबिवली: ऑनलाइन सी किंग फार स्वस्तात दिसतात: केशरी डायल, हिरवी डायल, अगदी नवी कोरी. घ्यावं का? आमच्या घरच्याचं डायल पिवळं पडलंय, तेही रंगवून घ्यावं का?

दुसऱ्याचं उत्तर आधी: नको.

पहिल्याचं असं. जगभरच्या शौकिनांमध्ये 'मुंबई स्पेशल' असा शब्द रूढ आहे आणि तो कौतुकाचा नाही. जुनं मशीन, दुसरीकडची केस, रंगवलेलं डायल, हाताला लागतील ते काटे आणि वर फाव्र-लुबा, एचएमटी किंवा वेस्ट एंडचं नाव. मशीन कधी कधी अस्सल आणि उत्तमही असतं, पण नाव डायलवर असतं आणि माणूस डायल पाहून पैसे मोजतो.

ओळखायला भिंग पुरतं. सहाच्या अंकाखाली, डायलच्या अगदी कडेला 'स्विस मेड' असतं. रंगवलेल्या डायलवर ते नसतंच, किंवा वर सरकलेलं, अक्षरं फुगलेली, ओळ वाकडी. त्याच्या दोन्ही बाजूंना इंग्रजी टी असेल तर अंधारात दिसणारा रंग ट्रिटियमचा आहे. ट्रिटियमचं तेज सुमारे बारा वर्षांत निम्मं होतं, म्हणजे 1960 च्या दशकातलं डायल आज लखलखायला नको. लखलखलं तर रंग नवा. मिनिटांच्या रेषा आणि वर बसवलेले तासांचे दांडे एका सरळीत येतात का पाहा. मिनिटकाटा मिनिटांच्या पट्ट्यापर्यंत पोचतो का पाहा. आखूड काटा म्हणजे दुसऱ्या घड्याळाचा.

विकणाऱ्याकडे मशीनचा फोटो मागा. पुलावर, म्हणजे चाकं वरून धरून ठेवणाऱ्या पट्टीवर, फाव्र-लुबाचं नाव आणि जवळ क्रमांक हवा. फोटो द्यायला टाळाटाळ केली तर पुढचं बोलणं संपवा. घड्याळजीकडे डायल काढलं जाईल तेव्हा त्याच्या पाठीचे दोन पाय बघा. अस्सल डायल त्या पायांवर मशीनमध्ये बसतं. पाय कापून डायल चिकटपट्टीनं बसवलेलं असेल तर ते मुळात या मशीनचं नव्हे.

घरचं पिवळं डायल राहू द्या. ते पिवळेपण वरच्या लाखेसारख्या पारदर्शक थराचं असतं. थर खरवडला की खालची छपाई त्याच्यासोबत जाते, आणि ती परत छापणारा कारखाना आता नाही. केसही पॉलिश करू नका. बरीच सी किंग पितळेवर क्रोमचा किंवा सोन्याचा मुलामा दिलेली आहेत. मागे '20 मायक्रॉन' कोरलेलं दिसेल, म्हणजे मुलामा एका मिलिमीटरचा पन्नासावा भाग. बफ लावला की कोपऱ्यांवर पितळ उघडं. काच मात्र जरूर घासा. ती बहुधा अॅक्रिलिकची असते. पॉलिश पेस्ट कापसावर घेऊन दोन-तीन मिनिटं गोल गोल घासली तर बारीक ओरखडे जातात.

अलिबाग: बिव्हुआक नावाचं उंची दाखवणारं घड्याळ यांचंच ना? ट्रेकला उपयोगी पडेल का?

त्यांचंच, 1962 चं. मनगटी घड्याळात हवेचा दाब मोजणारी डबी बसवून उंची दाखवणारं ते पहिलं यांत्रिक घड्याळ, 3,000 मीटरपर्यंत. डबी धातूच्या पातळ पत्र्याची, आतली हवा काढलेली. बाहेरचा दाब कमी झाला की ती फुगते, आणि त्या केसाएवढ्या हालचालीला तरफा-चाकं लावून मध्यावरचा काटा फिरवलेला. गिर्यारोहक वाल्टर बोनाट्टी आणि मिशेल व्होशे यांच्या आल्प्समधल्या चढाईत ते होतं. 1975 मध्ये एव्हरेस्टवर पोचलेली पहिली महिला जुन्को ताबेई यांच्याकडेही होतं.

वापरताना एक गोष्ट ध्यानात ठेवावी लागते: हे घड्याळ उंची मोजत नाही, दाब मोजतं. सह्याद्रीच्या उंचीवर साधारण 9 मीटर चढलं की हवेचा दाब एक हेक्टोपास्कलनं (हे दाबाचं एकक) उतरतो. आता कळसूबाईवर (1,646 मीटर) जाताना पायथ्याला माहीत असलेल्या उंचीवर डायलभोवतीचं कडं फिरवून काटा जुळवलात आणि दुपारी ढग दाटून दाब 5 हेक्टोपास्कलनं पडला, तर माथ्यावर घड्याळ सुमारे 45 मीटर जास्त दाखवेल. चुकलं घड्याळ नाही, बदलली हवा. म्हणून वाटेत नकाशावर उंची दिलेल्या प्रत्येक जागी पुन्हा जुळवायचं. याचाच उलटा उपयोग मुक्कामात होतो: तंबूत बसल्या बसल्या काटा वर सरकत असेल तर पाऊस येतोय.

जुनं बिव्हुआक आज ट्रेकला नेऊ नका. बाहेरची हवा डबीपर्यंत जावी लागते, म्हणजे घामाची वाफही जाते. डबीला चीर गेली तर काटा एका जागी गप्प बसतो आणि तशी दुसरी डबी मिळत नाही.

मालवण: त्यांचं पाण्यातलं घड्याळही होतं म्हणे.

बाथी, 1968. त्यात पाठीमागच्या कप्प्यात समुद्राचं पाणी मुद्दाम येऊ दिलेलं होतं. ते एका पडद्याला दाबतं आणि काटा खोली दाखवतो. मीटरमध्ये 50 पर्यंत एक आवृत्ती, फुटांमध्ये 160 पर्यंत दुसरी. खाऱ्या पाण्यातून बाहेर आल्यावर गोड्या पाण्यानं तो कप्पा धुवावाच लागे, नाहीतर मिठाचा खडा बसून पडदा अडकतो.

औरंगाबाद (छत्रपती संभाजीनगर): एवढं सगळं असताना धंदा हातातून गेला कसा? आता मालक कोण?

सोपं उत्तर क्वार्ट्झ, म्हणजे चावीऐवजी बॅटरीवर चालणारी घड्याळं. डिसेंबर 1969 मध्ये जपानच्या सेकोनं क्वार्ट्झ मनगटी घड्याळ बाजारात आणलं, आणि पुढच्या पंधरा वर्षांत स्विस घड्याळधंद्यातली नोकऱ्यांची संख्या सुमारे 90,000 वरून तीसेक हजारांवर आली. पण या घराला दुहेरी मार बसला असं आमचं मत. स्वतःची मशीनं, उंचीचं घड्याळ, खोलीचं घड्याळ, तासाला 36,000 ठोक्यांचं सी रेडर: 1960 च्या दशकातला सगळा पैसा यांत्रिक कामात गुंतला होता. आणि ज्या बाजारावर त्यांची भिस्त, त्या भारतात आयात परवान्यांच्या कचाट्यात सापडली होती आणि 1961 पासून बंगळूरला एचएमटीची घड्याळं निघू लागली होती. दोन्ही दारं एकाच सुमारास अरुंद झाली.

आठव्या पिढीकडून 1985 मध्ये कंपनी घराबाहेर गेली. मग नाव हातोहात फिरलं. काही काळ एलव्हीएमएच या फ्रेंच समूहाकडे होतं. 2011 मध्ये टाटांच्या टायटननं ते 20 लाख युरोंना घेतलं. टायटनच्या काळात 9,000 मीटरपर्यंत उंची दाखवणारं नवं बिव्हुआक निघालं, पण धंदा जमला नाही. 2023 मध्ये नाव गेलं ते घड्याळं विकणाऱ्या भारतीय इथॉस समूहाच्या स्विस कंपनीकडे, आणि 2024 मध्ये जिनिव्हात नव्या घड्याळांसह पुन्हा मांडलं गेलं. मुंबईत माल उतरवायला आलेल्या घराचं नाव आता भारतीय मालकीचं आहे.

जुन्या घड्याळाच्या सुट्या भागांसाठी नव्या मालकांकडे धाव घेऊन फार हाती लागेल असं समजू नका. 251 चा भाग हवा तर दुसरं बंद पडलेलं 251 शोधायचं. मुंबईत ती अजून मिळतात.

रत्नागिरी: पावसात काचेखाली वाफ धरली. तांदळाच्या डब्यात ठेवलंय. पुरे ना?

नाही. तांदूळ बाहेरचा ओलावा शोषेल. आतला झाकणाच्या रबरामागे कोंडलेला आहे. चावी बाहेर ओढून ठेवा, म्हणजे तिच्या वाटेनं थोडी वाफ निघेल, आणि त्याच दिवशी घड्याळजीकडे न्या. गंज पहिल्यांदा चावीच्या दांड्याला आणि त्याच्या शेजारच्या सेटिंग स्प्रिंगला धरतो. दोन्ही साधे पोलादी तुकडे. दोन दिवसांत तांबूस डाग, दोन आठवड्यांत चावी ओढताना दांडा हातात. झाकणाचं रबर साठ वर्षांचं असेल तर ते वाळलेल्या डिंकासारखं कडक झालेलं असतं, बदलून घ्या. डायलवर वॉटरप्रूफ लिहिलेलं असलं तरी ते घड्याळ पावसात घालू नका. जून ते सप्टेंबर कपाटात, सिलिका जेलच्या पुडीसोबत, झिप लावलेल्या पिशवीत. पुडी महिन्यानं बदला.